लिसनिंगचा स्कोअर २६-२८ ला अडकलाय, अजून टेस्ट सोडवू का?

तुमचा प्रश्न असा आहे: आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेला दोन महिने उरलेत, रोज एक लिसनिंग टेस्ट सोडवता, तरी ४० पैकी २६ ते २८ च्या पुढे स्कोअर सरकत नाही. मालिका सबटायटल लावून बघताना सगळं कळतं, पण टेस्टच्या चार भागांपैकी तिसऱ्या भागात धागा सुटतो. नंतर ट्रान्सक्रिप्ट वाचलं की वाटतं, यातला एकही शब्द नवीन नव्हता. मग टेस्टची संख्या वाढवावी का?

वाढवू नका. पुढचे तीन-चार आठवडे तर नव्या टेस्ट जवळजवळ बंदच करा. टेस्ट सोडवून आपण कुठे आहोत ते कळतं, कान त्याने तयार होत नाही. रेकॉर्डिंग एकदा वाजतं, तुम्ही उत्तरं तपासता, चुकलेल्यांवर खूण करता आणि दुसऱ्या दिवशी नवी टेस्ट उघडता. जे ऐकू आलं नाही ते का आलं नाही, हे विचारायचं राहूनच जातं, आणि खरं काम तिथेच आहे. साधारण ३० बरोबर उत्तरांना ७ बँड (९ पैकी श्रेणी) मिळतो आणि ३५ ला ८. म्हणजे सातपासून तुम्ही दोन-चार उत्तरं लांब आहात. एवढं अंतर तुमच्या आधीच सोडवलेल्या टेस्टमधूनच भरून निघू शकतं.

आधी त्या जुन्या टेस्ट काढा आणि प्रत्येक चुकीचं कारण लिहा. कारणं बहुधा तीनच निघतात. एक, शब्द माहीत होता पण कानाला ओळखू आला नाही. दोन, शब्दच माहीत नव्हता. तीन, शब्द कळले, वाक्यही कळलं, पण प्रश्न भलताच वाचला होता, लक्ष मागच्या प्रश्नात अडकलं होतं किंवा बोलणाऱ्याने आधी सांगितलेलं नंतर बदललं ते निसटलं. या तिघांवर उपाय वेगवेगळे आहेत. ‘भरपूर इंग्रजी ऐका’ हा सल्ला मला म्हणूनच अपुरा वाटतो. तो वाईट नाही, पण कशासाठी ऐकायचं हे त्यात येत नाही.

‘ट्रान्सक्रिप्ट वाचल्यावर सगळं येत होतं’ असं तुम्ही लिहिलंय, त्यामुळे तुमच्या बहुतेक चुका पहिल्या प्रकारच्या असणार. मराठीत शिकलेल्या आपल्यापैकी बहुतेकांचं असंच असतं, कारण आपण इंग्रजी मुख्यतः छापील पानावरून शिकतो. मराठी बोलताना जवळजवळ प्रत्येक अक्षराला त्याचा वाटा मिळतो. इंग्रजीत तसं होत नाही. तिथे अर्थाचे शब्द जोरात येतात आणि ‘ऑफ’, ‘टू’, ‘हॅव’, ‘अँड’ असे जोडणारे शब्द दबून जातात, त्यांचे स्वर पुसट होतात. ‘आय शुड हॅव टोल्ड हर’ हे प्रत्यक्षात ‘आय शुडव टोल्डर’ असं काहीसं येतं. ‘नेक्स्ट डे’ मधला ‘ट’ गळून ‘नेक्स डे’ उरतं, ‘डिड यू’चं ‘डिजू’ होतं, ‘हँडबॅग’चं ‘हॅम्बॅग’. यात कोणी भराभर किंवा अशुद्ध बोलत नसतं. तीच त्या भाषेची नेहमीची बोलण्याची रीत आहे, आणि परीक्षेतली रेकॉर्डिंगही तशीच असतात.

दुसरी अडचण अशी की असंख्य इंग्रजी शब्द आपण मराठीत रोज वापरतो, पण आपल्या उच्चाराने. ‘व्हेजिटेबल’ आपल्याकडे ठसठशीत चार तुकड्यांत येतो, ब्रिटिश बोलण्यात तो ‘व्हेज्टबल’ इतकाच असतो. ‘कम्फर्टेबल’चं ‘कम्फ्टबल’ होतं. ‘डेव्हलपमेंट’मध्ये जोर ‘व्हे’वर असतो, ‘हॉटेल’मध्ये शेवटच्या तुकड्यावर. कान आपल्या ओळखीच्या उच्चाराची वाट बघत बसतो आणि तोच शब्द दुसऱ्या रूपात समोरून निघून जातो. म्हणून ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांचाही उच्चार शब्दकोशात ऐका, आणि जोर कुठे पडतो ते वहीत खूण करून ठेवा.

आता सरावाची पद्धत. सोडवलेल्या टेस्टमधला दोन मिनिटांचा एक तुकडा घ्या, शक्यतो तिसऱ्या भागातला. आधी तो न थांबवता ऐका आणि कोण कोणाला काय म्हणतंय ते दोन ओळींत लिहा. मग एकेक वाक्य थांबवत जे ऐकू येईल ते शब्दशः लिहून काढा. एका वाक्याला तीन-चार वेळा मागे जायला हरकत नाही, पण नाही कळलं तर अंदाजाने भरू नका, जागा कोरी सोडा. त्या कोऱ्या जागाच तुम्हाला हव्या आहेत. त्यानंतर ट्रान्सक्रिप्ट उघडा आणि प्रत्येक जागी काय होतं, ते का निसटलं, हे शेजारी लिहा: दोन शब्द जोडले गेले, स्वर पुसट झाला, ‘ट’ गळाला, जोर भलतीकडे होता, नवा शब्द होता. मग मजकूर डोळ्यांसमोर ठेवून ऐका, नंतर मजकुराशिवाय ऐका, आणि शेवटी बोलणाऱ्याच्या पाठोपाठ, त्याच लयीत, मोठ्याने म्हणा. याला शॅडोइंग म्हणतात. जो आवाज आपल्या तोंडाने काढला तो पुढच्या वेळी कानाला लवकर सापडतो.

दोन मिनिटांच्या ऑडिओला पाऊण तास सहज लागेल. सुरुवातीला हे कंटाळवाणं वाटेल आणि प्रगती होतेय असंही वाटणार नाही, कारण रोज नवा आकडा मिळणार नाही. तरीही हेच करा. काही दिवसांत तुमच्या लक्षात येईल की कोऱ्या जागांची कारणं पुन्हा पुन्हा तीच आहेत. कोणाचं ‘हॅव’ आणि ‘हॅड’ सतत निसटतं, कोणाचे अनेकवचनाचे ‘स’ ऐकू येत नाहीत, कोणाला आकड्यांत गोंधळ होतो. स्वतःची यादी हाती आली की सराव नेमका होतो.

आकड्यांची आणि अक्षरांची वेगळी तयारी करा. पहिल्या भागात नाव, पत्ता, फोन, तारीख असंच असतं आणि तिथले गुण सोपे म्हणून गृहीत धरले जातात. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ यांत फक्त शेवटच्या ‘न’वर विसंबू नका. ‘थर्टी’चा जोर पहिल्या तुकड्यावर असतो, ‘थर्टीन’चा एकटा उच्चारला तर दुसऱ्यावर. शून्याला ‘ओ’ म्हणतात, दोन सारखी अक्षरं किंवा आकडे आले की ‘डबल’. शेवटचं अक्षर ब्रिटिश ‘झेड’ म्हणतात, अमेरिकन ‘झी’. ऑस्ट्रेलियन माणसाचा ‘ए’ आपल्याला ‘आय’च्या जवळचा वाटू शकतो, म्हणून त्या ढंगातलं स्पेलिंग मुद्दाम ऐकून ठेवा.

‘कॅन’ आणि ‘कान्ट’ यांनी बऱ्याच जणांची उत्तरं उलटी होतात. ब्रिटिश बोलण्यात नकारार्थी रूपाचा स्वर लांब ‘आ’ असतो, त्यामुळे फरक कळतो. अमेरिकन बोलण्यात ते ‘कॅन्ट’ होतं आणि शेवटचा ‘ट’ जवळजवळ ऐकूच येत नाही. तिथे ‘ट’ शोधू नका, स्वर ऐका. वाक्याच्या मध्ये पुसट ‘कन’ आलं तर होकार, पूर्ण जोरदार ‘कॅन’ आलं तर बहुधा नकार.

अॅक्सेंटची धास्ती मात्र घेऊ नका. परीक्षेत ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे आणि उत्तर अमेरिकन आवाज येतात, पण ते स्पष्ट, नीट रेकॉर्ड केलेले असतात. आठवड्यातले एक-दोन दिवस ऑस्ट्रेलियाच्या एबीसी रेडिओला दिलेत तरी कान सरावतो. ब्रिटिश उच्चारांसाठी बीबीसी लर्निंग इंग्लिशचे ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ चांगले, छोटे असतात आणि ट्रान्सक्रिप्टसह मिळतात. चौथ्या भागाच्या तयारीला टेड या व्याख्यानमालेतली भाषणं ठीक, पण मंचावरचा वक्ता प्रेक्षकांना धरून ठेवायला बोलतो, वर्गातलं व्याख्यान त्याहून सपाट असतं. विद्यापीठांची मोफत व्याख्याने त्या भागाला जास्त जवळची आहेत.

सबटायटलबद्दल थोडं कडक बोलते. इंग्रजी सबटायटल लावून बघणं हा वाचनाचा सराव आहे. डोळे कानापेक्षा पुढे धावतात, आणि वाचून कळलेलं आपल्याला ऐकून कळल्यासारखं वाटतं. मालिका बघायच्या तर बघा, पण दोन-तीन मिनिटांचा प्रसंग आधी सबटायटलशिवाय, मग सबटायटलसह, मग पुन्हा त्याशिवाय. बाकीचा भाग करमणूक म्हणून बघा, त्याला अभ्यासात धरू नका.

तिसऱ्या भागात धागा का सुटतो, त्याची कारणं थोडी वेगळी आहेत. तिथे बहुधा विद्यार्थी आपसात किंवा शिक्षकाशी एखाद्या प्रकल्पाबद्दल बोलत असतात. पर्यायांतले तिन्ही मुद्दे संभाषणात येतात. एक जण सुचवतो, दुसरा शंका काढतो, तिसरा मुद्दा बाजूला पडतो, आणि प्रश्न असतो की शेवटी ठरलं काय. पर्यायातला शब्द कानावर आला रे आला की खूण करायची सवय असेल तर हा भाग हमखास फसवतो. खूण करण्याआधी निकालाची वाट बघा. ‘अॅक्च्युअली’, ‘आय सपोज सो, बट’, ‘दॅट्स व्हॉट आय थॉट अॅट फर्स्ट’ असं काही आलं की आधीचं मत मागे घेतलं जातंय हे समजा. ‘येस’ म्हणण्याचा सूरही ऐका. लांबवलेला, खाली-वर होणारा ‘येऽस’ बऱ्याचदा पुढे येणाऱ्या ‘बट’ची सूचना असतो.

ऐकण्याआधी मिळणाऱ्या वेळात पर्याय सविस्तर वाचत बसू नका. प्रश्नाचा मूळ भाग वाचा, त्यातला एखादा शब्द अधोरेखित करा, पर्यायांवर फक्त नजर फिरवा. प्रश्न रेकॉर्डिंगच्याच क्रमाने येतात, म्हणून नेहमी चालू आणि पुढचा असे दोन प्रश्न नजरेत ठेवा. पुढच्या प्रश्नाचा विषय ऐकू आला म्हणजे मागचा गेला. तिथे अंदाजाने काहीतरी लिहा आणि पुढे चला. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, कोरी जागा मात्र नक्की शून्य.

चौथ्या भागात मध्ये थांबा नसतो, पण व्याख्याता वळणं सांगत जातो: ‘लेट्स टर्न टू’, ‘अ फर्दर ड्रॉबॅक’, ‘सो व्हॉट डझ दिस मीन’. नोट्समधल्या ठळक शीर्षकांशी ही वळणं जुळवत राहिलात तर चुकलात तरी पुन्हा रुळावर येता. रिकाम्या जागी नाम हवं की विशेषण, एकवचन की अनेकवचन, हे आधीच ठरवून ठेवा.

दुसऱ्या प्रकारच्या चुकांसाठी, म्हणजे शब्दच माहीत नसणे, अॅव्हरिल कॉक्सहेड यांची २००० साली प्रसिद्ध झालेली अकॅडेमिक वर्ड लिस्ट (विद्यापीठीय लिखाणात वारंवार येणाऱ्या शब्दांची यादी) उपयोगी आहे. तिच्यात ५७० शब्दकुटुंबं आहेत, म्हणजे एका मूळ शब्दाची सगळी रूपं मिळून एक कुटुंब. ती पाठ करू नका, रोज थोडे शब्द उच्चारासह ऐका. पण त्याहून मोलाची यादी तुमच्या जुन्या टेस्टमध्ये आहे. वहीत दोन रकाने करा. एकात प्रश्नातले शब्द, दुसऱ्यात रेकॉर्डिंगमध्ये त्यासाठी आलेले शब्द. प्रश्नात ‘शॉर्टेज’ असेल तर बोलणारा ‘देअर जस्ट वेअरन्ट इनफ’ म्हणतो. परीक्षा बऱ्याच अंशी या अदलाबदलीवरच उभी आहे. शंभरेक जोड्या जमल्या की प्रश्न वाचतानाच तो दुसऱ्या शब्दांत कसा येईल याचा अंदाज बांधता येतो.

स्पेलिंगचे गुण फुकट घालवू नका. ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही स्पेलिंग चालतात, सगळं कॅपिटलमध्ये लिहिलं तरी चालतं, पण अनेकवचनाचा ‘एस’ राहिला किंवा शब्दमर्यादा ओलांडली की उत्तर चूक. कागदावरच्या परीक्षेत उत्तरं उतरवायला शेवटी १० मिनिटं मिळतात, कॉम्प्युटरवर तपासायला फक्त २. कॉम्प्युटरवर देणार असाल तर ऐकता ऐकता टाइप करण्याची सवय आत्तापासून लावा.

दुसरी परीक्षा देणाऱ्यांनी आपापला नमुना बघावा. केंब्रिजच्या बी२ फर्स्ट आणि सी१ अॅडव्हान्स्डमध्ये रेकॉर्डिंग दोनदा ऐकवतात, पीटीई या आणखी एका इंग्रजी परीक्षेत एकदा ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं लिहायचा प्रकार असतो. त्या प्रकारासाठी वरचा लिहून काढण्याचा सराव थेट लागू पडतो.

तीन-चार आठवड्यांनी पुन्हा टेस्ट सुरू करा, पण आठवड्याला दोनच. पूर्ण, सलग, एकदाच ऐकून, मध्ये पॉज न करता आणि शक्यतो परीक्षेच्याच वेळी. प्रत्येक टेस्टनंतरचा दिवस तिच्या चुका उलगडायला ठेवा. स्कोअरच्या शेजारी तिन्ही प्रकारच्या चुकांचे आकडे वेगवेगळे लिहा. पहिला आकडा कमी होत असेल आणि एकूण स्कोअर अजून तिथेच असेल, तरी पद्धत बदलू नका. त्या वेळी बहुधा तिसऱ्या प्रकारच्या चुका उरलेल्या असतात, आणि त्या सलग टेस्ट देऊनच कमी होतात.