पात्याची पाठ घासा, धार नको

फायरस्टीलवर, म्हणजे सुरीच्या पाठीने घासून ठिणग्या पाडायच्या कांडीवर, लिहिल्यापासून प्रश्न येतच आहेत, म्हटलं पाऊस लागायच्या आत उरकून टाकू.

गुहागर : मोरा कंपनीची कंपॅनियन सुरी घेतली, नवीकोरी, पण फायरस्टीलवर पाठीने घासली की नुसती काळी पूड पडते. सुरी डुप्लिकेट आहे का?

नाही हो दादा, सुरी चांगली आहे. दोन गोष्टी बघा. एक, नव्या कांडीवर काळा रंग असतो, तो आधी खरवडून आतली चकचकीत धातू दिसली पाहिजे. दुसरं म्हणजे कंपॅनियनची पाठ ठिणगीसाठी घासलेली येत नाही, तिच्या कडा गुळगुळीत असतात. त्याच कंपनीच्या गारबर्गला पाठ काटकोनात घासून देतात, म्हणून तिची किंमतही तशीच. फायरस्टील म्हणजे फेरोसेरियम, १९०३ साली कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन केमिस्टने पेटंट घेतलेलं, लोखंड आणि सेरियमसारखे धातू, लायटरच्या खड्यात असतं तेच. कडेने त्याचा बारीक कीस निघतो, घासण्याने तापतो आणि हवेत आपोआप पेटतो. म्हणजे कीस निघायलाच हवा. बोथट खवणीवर खोबरं कसं नुसतं चुरडतं, तसं गोल पाठीचं होतं.

मालवण : मग पाठ काटकोनात करायला कानस की ग्राइंडर? शेजारी फॅब्रिकेशनवाला आहे, दोन मिनिटांत करून देतो म्हणतो.

दोन मिनिटांतच माझी पहिली सुरी गेली होती. हाताने केलं असतं तर अर्धा तास लागला असता, पण मला घाई, ग्राइंडरला लावली आणि बघता बघता टोकाकडे निळा रंग चढला. कार्बन स्टीलवर निळा रंग म्हणजे साधारण ३०० डिग्री, म्हणजे पात्याचं पाणी उतरलं, कडकपणा गेला, आणि टोकाला पातं अरुंद असल्यामुळे उष्णता पाठीवरून थेट धारेत जाते. त्या टोकाने नंतर धार धरलीच नाही, आता ती सुरी शेवग्याच्या शेंगा सोलायला आहे.

तेव्हा कानसच घ्या. धारेवर जाड पुठ्ठा आणि चिकटपट्टी गुंडाळा, हे आधी, नाहीतर बोट जाईल. मग दोन फळकुटांमध्ये धरून पातं वाइसमध्ये पाठ वर करून आवळा. बारीक दाताची सपाट कानस पात्याला आडवी, दोन्ही हातांनी दोन टोकं धरून, आपल्याकडे ओढायची, डोलवायची नाही, डोलली की पाठ पुन्हा गोल. अख्खी पाठ नको, मुठीपासून दोन बोटं सोडून पुढे दीड इंच पुष्कळ झाला, कारण बाकीच्या जागी लाकूड तासताना अंगठा टेकतो आणि टोकदार कडेवर अंगठा सोलवटतो. कानस घसरतच राहिली, कापेना, तर पाठही कडक आहे, मग सपाट ऑइलस्टोनवर घासा, वेळ लागेल. शेवटी कडेवरची लोंबती बर पॉलिश पेपरने हलकेच काढा, पण कोपरा मोडू नका. टेस्ट सोपी : वाळक्या बांबूवर पाठ ओढा, पिठासारखा भुगा पडला तर अजून घासा, वळलेली साल निघाली तर झालं.

वेंगुर्ले : लोहाराकडून गाडीच्या पाट्याची सुरी करून घेतलीय. ती चालेल? आमचे आजोबा चकमकीने विडी पेटवायचे.

चालेल की ताई, उलट कानशीला सोपी. आपले लोहार बहुतेक धारेलाच पाणी देतात, पाठ मऊ राहते. फेरोसेरियमला कडक पोलाद लागतच नाही, तीक्ष्ण कोपरा लागतो, फुटक्या काचेची कडसुद्धा चालते. चकमकीचं काम उलटं. तिथे दगड पोलादाचा कीस काढतो आणि पेटतं ते पोलाद, म्हणून ते कडक लागतं. आजोबांची चकमक तुमच्या सुरीच्या मऊ पाठीवर आपटलीत तर काही पडणार नाही.

अलिबाग : धारेनेच घासलं तर?

ठिणगी पडते, धार जाते. नको.

देवगड : पावसात ठिणग्या भरपूर पडतात पण काथ्या पेटत नाही. आणि घासलेल्या पाठीवर आठवड्यात गंज.

गंज येणारच, खारी हवा आणि उघडं लोखंड. खोबरेलाचं बोट फिरवा, आणि सुरी चामड्याच्या म्यानात मुक्काम करू देऊ नका, ते ओल धरतं. कांडीसुद्धा दमट हवेत पांढरी पडून झिजते, पावसाळाभर ठेवायची तर नेलपॉलिशचा हात मारा.

काथ्याचं म्हणाल तर तो सोडणातून काढून तसाच ठेवला तर जाड असतो, ठिणगी त्यात बसत नाही. तळहातांत रगडून रगडून सावरीच्या कापसासारखा फुलवा, चुलीवर टांगून वाळवा, पिशवीत बंद करून न्या. आणि मारताना कांडीचं टोक काथ्यात रोवा, सुरी त्यावर धरून जागेवर स्थिर ठेवा आणि कांडी मागे ओढा. सुरी पुढे मारली की हात काथ्यावर जाऊन सगळा ढीग उधळतो, सगळ्यांचं तिथेच चुकतं. जाळ धरला की वर काजूची दोन-चार टरफलं टाका, त्यातलं तेल भडकतं, ओल्या लाकडालाही धरतं. फक्त धूर डोळ्यांत जाऊ देऊ नका आणि टरफलं पूर्ण जळेपर्यंत बांगडे भाजायला घेऊ नका.