आधी ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे

‘डॉक्टर म्हणतात नव्या औषधाच्या चाचणीत नाव घाला. घालू का?’ जळगावला समुपदेशन करताना माझ्याकडे हा प्रश्न फिरून फिरून येतो. विचारणारे बहुतेक दम्याचे, सीओपीडीचे (दम लागणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) नाहीतर सोरायसिसचे (त्वचेवर चट्टे उठणारा जुनाट आजार) पेशंट, वर्षानुवर्षं औषधं घेऊन थकलेले.

सुमनबाई (नाव बदललं आहे) अमळनेर तालुक्यातल्या. विडीला कधी हात लावला नाही, फुप्फुसं खराब झाली ती चुलीच्या धुराने. पहिल्या भेटीत सगळं बोलला तो मुलगाच. “मॅडम, फुकट औषध, वर जायचं-यायचं भाडं. फुकट कोण काय देतं? गरिबांवर प्रयोग करतात हे लोक.” बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत गप्प बसल्या होत्या.

पुढच्या वेळी मुलाला बाहेर बसवलं.

“मावशी, तुम्हाला काय वाटतं?”

“डॉक्टरसाहेबांनी इतकी वर्षं सांभाळलं. त्यांना नाही कसं म्हणू?”

“म्हटलं तर काय होईल?”

“मग बघणार नाहीत मला.”

“असं ते म्हणाले?”

बाई बराच वेळ खाली बघत राहिल्या. “नाही. मीच धरून चालले.”

विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर, म्हणजे मनात धरून चाललेल्या गोष्टी खऱ्या आहेत का हे तपासून बघण्यावर, माझा भर का, ते अशा वेळी कळतं. मुलगा औषधाला घाबरत होता, आईला मात्र औषधाची भीती नव्हतीच. मनातल्या मनात तिने स्वतःवर सक्ती करून घेतली होती. ती सक्ती तशीच ठेवून सही झाली असती, तर कागदावर संमती दिसली असती, एवढंच.

मी म्हटलं, “समजा, मी डॉक्टर. मला नाही म्हणून दाखवा.” बाई हसल्या, मग खोकल्या. दोनदा “बघू” म्हणाल्या. शेवटी पदर सोडला, ताठ बसल्या आणि अहिराणीत म्हणाल्या, “नही साहेब, माले नको.”

आणि लगेच प्रश्न सुरू झाले! माझा रोजचा पंप बंद करतील का? रात्री दम लागला तर फोन कोणाला? औषध नसलेला पंप माझ्या वाट्याला आला तर? तोवर एकही प्रश्न न विचारलेली बाई ही. इतक्या वर्षांच्या कामात मला सगळ्यात समाधान देणारा क्षण हाच. नकाराची वाट मोकळी झाली की माणूस विचार करू लागतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

माहितीपत्रक घरी नेऊन नातीकडून वाचून घेतलं, प्रश्न डॉक्टरांना विचारले आणि मग त्या ‘हो’ म्हणाल्या. मुलाला ते अजून पूर्ण पटलेलं नाही, आणि त्याने शंका घेत राहावं असंच मला वाटतं.

तुमच्याही घरात हा विषय असेल तर एक लक्षात ठेवा, चाचणी म्हणजे हमखास चांगले उपचार नव्हेत. औषध उपयोगी आहे का, हेच तिथे तपासायचं असतं, आणि काही जणांना औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं काही मिळू शकतं. त्वचेच्या काही चाचण्यांत आधीची मलमं, गोळ्या काही आठवडे थांबवाव्या लागतात. त्या काळात चट्टे उसळू शकतात, आणि लग्नसराई तोंडावर असली तर हा त्रास लहान नसतो. तेव्हा आधीच विचारा.

औषध चाचण्यांच्या 2019 च्या नियमांनुसार चाचणीला नीतिमत्ता समितीची (भाग घेणाऱ्यांची सुरक्षा आणि हक्क बघणाऱ्या समितीची) मान्यता लागते. कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं आणि त्यामुळे नेहमीचे उपचार अडत नाहीत. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईचा हक्क आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तटस्थ साक्षीदार हवा. औषधाच्या चाचणीची सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंदही हवी. तिचा क्रमांक मागा, ही नोंदवही इंटरनेटवर कोणालाही बघता येते.

सहीची घाई कोणी केली तर “घरी विचारून सांगतो” म्हणून सरळ उठा. सही केलीत तर संमतीपत्राची प्रत मागून घ्या. तिच्यावर डॉक्टरांचा आणि समितीचा फोन नंबर असतो, तो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये त्याच दिवशी टाकून ठेवा.