‘कधी सोडली?’ हे विचारू नकोस

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

कादंबरीची नायिका देवाला सोडलेली, म्हणजे देवदासी आहे, आणि तिच्यासाठी यात्रेच्या गर्दीत सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जायचा तुझा बेत आहे. जरूर जा, पण तिथं नुसतं बघ. डोक्यावर जग, म्हणजे देवीची मूर्ती ठेवलेली टोपली, घेतलेल्या बाईला मुलाखतीसाठी अडवू नये.

आधी कागद बघ. कथेचं साल पक्कं कर. १९३४ चा देवदासी कायदा मुंबई प्रांताचा, आणि सौंदत्तीचा बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबईकडंच होता. कर्नाटकचा कायदा १९८२ चा. १९७५ च्या फौजदाराच्या तोंडी त्याचं कलम घातलंस तर इथला वाचक पुस्तक मिटून ठेवील. नग्नपूजेचं प्रकरण चंद्रगुत्तीचं, शिवमोग्गा जिल्ह्यातलं. ते सौंदत्तीला चिकटवू नकोस. रांडाव पुनव, देवीच्या वैधव्याची, ती मार्गशीर्षातली. आणि यल्लम्माच्या नावानं जोगवा मागणारी प्रत्येक जोगतीण देवदासी नसते, ही गल्लत तर चांगले लेखकही करतात.

मग माणसं. पुढाऱ्याच्या किंवा पुजाऱ्याच्या ओळखीनं गेलास तर बाईला नाही म्हणता येत नाही. तिच्याच संघटनेतल्या एखादीकडून निरोप धाड. निपाणीकडं मराठीवर भागेल, सौंदत्तीकडं कन्नड लागेल. दुभाषी बाईच हवी, पण त्याच गल्लीतली नको. अर्धा दिवस मोडतो, तेवढी मजुरी द्यायची, आणि ती काही बोलली नाही तरी मिळेल हे आधीच सांगायचं.

हातात वही, फॉर्म घेऊन दारात उभा राहू नकोस. १९९३-९४ आणि २००७-०८ ला देवदासींची सरकारी पाहणी झाली. यादीत नाव नाही त्यांना मासाशनासाठी खेटे घालावे लागतात. वही दिसली की तिला वाटतं, नाव लागणार. मग ती तुला हवं तेच बोलेल. ‘अक्का, मी गोष्ट लिहितोय, माझ्याकडून पेन्शन मिळणार नाही’ हे उंबऱ्यातच सांग.

‘कधी सोडली, कुणी सोडली?’ हे पाहणीवाल्यांना, पत्रकारांना सांगून तिचं उत्तर घोटीव झालेलं असतं. तुझ्या हाती तेच येईल, आणि तिला ते पुन्हा उकरावं लागेल ते वेगळंच. मंगळवारी-शुक्रवारी जोगवा कुठल्या गल्लीपासून सुरू होतो, ते विचार. परडीत एका घरचं ज्वारीचं पीठ, दुसऱ्या घरचे तांदूळ, तिसऱ्या घरची मूठभर डाळ एकत्र पडते; ते घरी आल्यावर निवडते कोण, त्याचं रांधते काय? प्रकरण अशा गोष्टींवर उभं राहतं. बाकीचं तिनं आपणहून काढलं तर ऐक, मध्ये बोलू नकोस.

नुसतं नाव बदलून भागत नाही. गाव, मुलांची संख्या, धंदा, तिन्ही बदल. नाहीतर तालुक्यात चार दिवसांत ओळख पटते. लैंगिक अत्याचार झालेल्या बाईची ओळख छापणं तर गुन्हाच आहे.

लिहून झालं की तिच्यावरून घेतलेली पानं तिला मोठ्यानं वाचून दाखव, कन्नड लागलं तर कन्नडात. ‘हे काढ’ म्हणाली तर काढायचं, वाद घालायचा नाही. छापील पुस्तक घेऊन नको, कच्ची प्रत घेऊन जा. त्यात खोडता येतं.

कळावे.