साखरेवर संशोधन, पण पोटाचं काय?

"मुलगी वनस्पतिशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. झाडांच्या पेशींवरच्या प्रथिनांना चिकटलेल्या साखरांवर पीएचडी करायची म्हणते. यात पोट भरेल का?" असं तुम्ही विचारलंय.

भरेल, पण तिने रसायनशास्त्राशी मैत्री केली तर.

ही डब्यातली साखर नव्हे. अरॅबिनोगॅलॅक्टन प्रथिनांचंच बघा. नाव प्रथिनाचं, पण वजनाचा 90 टक्क्यांच्या आसपास वाटा बहुधा साखरेचा! गॅलॅक्टोजची साखळी, तिला फांद्या, त्यांवर अरॅबिनोज आणि कॅल्शियम धरून ठेवणारं ग्लुक्युरॉनिक आम्ल. अरबी डिंकात तेल-पाणी एकजीव राहतं तेही मुख्यतः याच जातीच्या प्रथिनांमुळे.

अवघड भाग पुढे आहे. प्रथिनातल्या अमिनो आम्लांचा क्रम जनुकात लिहिलेला असतो, साखरेच्या फांद्यांचा नसतो. विकरं (एन्झाइम्स) त्या एकेक करून जोडत जातात. ग्लायसीन या अमिनो आम्लाचे दोन रेणू जोडून एकच साधी जोडी (डायपेप्टाइड) बनते. ग्लुकोजचे दोन रेणू मात्र 11 वेगवेगळ्या प्रकारांनी जोडता येतात. त्यामुळे रचना उलगडायला मास स्पेक्ट्रोमेट्री (रेणूंचं वजन मोजणारं तंत्र) आणि एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात रेणूची रचना वाचणारं तंत्र) लागतात, आणि ती यंत्रं वापरून साखर वाचणारी माणसं फार नाहीत. तुमच्या मुलीची संधी तिथे आहे.

म्हणून पदव्युत्तर शिक्षण जैवरसायन किंवा सेंद्रिय रसायनशास्त्रात घ्यावं. नुसत्या वनस्पतिशास्त्रावर राहिली, तर नमुने दुसऱ्यांकडे पाठवून निकालाची वाट बघत बसेल. (हे मत काही प्राध्यापकांना रुचणार नाही.)

फक्त झाडांच्या साखरेवर मिळणाऱ्या नोकऱ्या थोड्या, हे लपवत नाही. पण हेच कसब औषधनिर्मितीत चालतं. अँटिबॉडी औषधांवरच्या साखरा तपासाव्याच लागतात. गाजराच्या पेशींत बनवलेल्या, गोशे या दुर्मीळ आनुवंशिक रोगावरच्या विकराला अमेरिकेत 2012 मध्ये मान्यता मिळाली. वनस्पती प्रथिनांवर झायलोज आणि वेगळ्या जोडणीचा फ्युकोज या साखरा चढवतात. माणसाच्या प्रथिनांवर ते अशा पद्धतीने जोडलेले नसतात. अशा औषधात ते तपासणारं माणूस हवंच.

पीएचडीची चार-पाच वर्षं आणि नंतरची अनिश्चितता गृहीत धरा. त्याआधी सुट्टीत तिला महिनाभर एखाद्या प्रयोगशाळेत पाठवा. यारिव्ह अभिकर्मकाने (या प्रथिनांना चिकटणाऱ्या रंगद्रव्याने) अरॅबिनोगॅलॅक्टन प्रथिनं लालसर दिसतात. तो प्रयोग पहिल्याच दिवशी आवडतो. पण विसाव्या दिवशी, तोच नमुना चौथ्यांदा शुद्ध करताना ती कशी वागते, ते तिलाच विचारा.