चार ठिकाणी सांगून झालं, आता कुठे जाऊ?

प्रश्न: लग्नाला आठ वर्षं झाली, सहा वर्षांची मुलगी आहे. गेल्या महिन्यात नवऱ्याने माझा गळा दाबला. पोलिसांनी नुसती एनसी (अदखलपात्र नोंद) लिहून घेतली आणि संरक्षण अधिकाऱ्यांकडे (घरगुती हिंसेच्या तक्रारी बघणारे सरकारी अधिकारी) पाठवलं. तिथे म्हणाले, आधी वकील बघा. दवाखान्याच्या कागदावर 'पडल्याने मार' असं आहे, कारण तेव्हा सासूबाई शेजारी उभ्या होत्या. प्रत्येक ठिकाणी पहिल्यापासून सांगायचं, आणि कोणालाच दुसऱ्याचं काही माहीत नाही. मी काय करू?

उत्तर: ताई, आधी गळ्याचं बोलू. ज्या घरात एकदा गळा आवळला गेला, तिथे पुढे जीव जाण्याचा धोका कैक पटींनी वाढतो. वळ उमटले नाहीत तरी आत इजा असू शकते. आवाज बसलाय, गिळताना दुखतं, चक्कर येते, असं काही असेल तर आजच सरकारी रुग्णालयात जा. डॉक्टरांशी एकटीने बोला, 'एमएलसी करा' (म्हणजे पोलीस-कोर्टासाठीची वैद्यकीय नोंद करा) असं सांगा आणि मागच्या वेळी 'पडले' का सांगावं लागलं तेही लिहून घ्यायला लावा. कौटुंबिक घटना अहवाल (घरातल्या हिंसेची अधिकृत नोंद) नाही म्हणून ते उपचार नाकारू शकत नाहीत.

हा अहवाल, म्हणजे डीआयआर, हाच तुमच्या प्रकरणात सगळ्या खात्यांना जोडणारा कागद आहे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याप्रमाणे तक्रार आली की तो भरणं संरक्षण अधिकाऱ्याचं काम आहे, त्यासाठी वकील लागत नाही. त्याची प्रत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे आणि पोलीस ठाण्यात त्यांनीच पाठवायची असते. तुमच्या जबाबाची प्रत तुम्हाला मोफत मिळते. सुरक्षा योजनाही (पुन्हा मारहाण होऊ नये म्हणून काय करायचं याचा फॉर्म) त्यांच्याकडूनच भरून घ्या. पोचवर आवक क्रमांक आणि तारीख असल्याशिवाय कचेरीतून उठू नका.

जाण्याआधी एका पानावर लिहा: तारीख, काय झालं, कोण हजर होतं, मुलगी कुठे होती. गळा दाबणं, हत्यार दाखवणं, जिवे मारण्याची धमकी हे सगळ्यात वर. त्याच पानाच्या झेरॉक्स सगळीकडे द्या. रुग्णालयात एक तारीख, ठाण्यात दुसरी, असं झालं की समोरचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो. पान घरात ठेवू नका आणि नवऱ्याच्या हाती लागेल अशा फोनमध्ये फोटोही नको.

एनसीवर थांबू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम 85 (नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेला छळ) खाली गुन्हा नोंदवा असा लेखी अर्ज द्या. घेतला नाही तर तोच अर्ज टपालाने पोलीस अधीक्षकांना (शहरात असाल तर पोलीस आयुक्तालयात) पाठवा. वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. बाईच्या उत्पन्नाची अट नाही, वकील मोफत मिळतो. फोन 15100.

न्यायालयात 2005 च्याच कायद्याच्या कलम 12 खाली संरक्षणासाठी अर्ज झाला की पहिली तारीख साधारण तीन दिवसांत पडायला हवी. प्रत्यक्षात ती लांबते, म्हणून अर्जासोबतच कलम 23 खाली अंतरिम (निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता) आदेश मागा. न्यायालयाची नोटीस नवऱ्याला घरी पोचते तो दिवस सगळ्यात धोक्याचा. ती कधी बजावणार हे संरक्षण अधिकाऱ्यांना आधी विचारा आणि त्या रात्री तुम्ही व मुलगी दुसरीकडे राहा. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये (हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र) पाच दिवसांपर्यंत राहता येतं, तिथे पोचायला 181 या महिला हेल्पलाइनवर फोन करा. पुढे आश्रयगृहात गेलात, तर तुम्ही तिथे आहात हे नवऱ्याला कळवू नका असं सांगता येतं.

कोणी 'दोघांना समोरासमोर बसवून मिटवू' म्हणालं, तर भीती आहे तोवर स्पष्ट नाही म्हणा. हे आमचं ठाम मत आहे. त्या खोलीत बाई खरं बोलत नाही, आणि बाहेर पडल्यावर मार बसतो.

संरक्षण आदेश (नवऱ्याने हिंसा करू नये असा न्यायालयाचा हुकूम) मिळाला की प्रत ठाण्यात जायला हवी. वाट न बघता एक प्रत स्वतः नेऊन द्या, डायरीत नोंद करून घ्या. आदेश मोडला तर तो दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा), अजामीनपात्र गुन्हा आहे: एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेव्हा 112 ला फोन करताना पहिल्याच वाक्यात 'माझ्याकडे न्यायालयाचा संरक्षण आदेश आहे' असं सांगा.