काजूच्या बिया फ्लॅटमध्ये गॅसवर भाजता येतील का?

आजऱ्याहून आलेल्या कच्च्या बिया कोल्हापुरात गॅसवर भाजायच्या म्हणताय? नकोच. टरफलातला चीक तापला की पिचकारीसारखा उडतो, भपकन पेट घेतो. धुराने डोळे-घसा चुरचुरतो, चीक कातडीला लागला तर फोड येतात.

आमच्या आजोळी, चंदगडकडं, हे काम अंगणातच. तीन दगडांची चूल, त्यावर तळाला खिळ्याने भोकं पाडलेला जुना पत्र्याचा डबा. बिया आधी दोन-तीन दिवस उन्हात वाळवलेल्या. वाऱ्याकडे पाठ करून लांब काठीने सारख्या हलवायच्या. पेटून काळ्या झाल्या की डबा पालथा करून बियांवर राख टाकायची. आग विझते आणि चीकही राखेत मुरतो. गार झाल्यावर हाताला खोबरेल चोळून दगडाने कडेच्या शिवणीवर हलकेच ठोका. जोरात मारलात तर गराचा भुगा (माझे निम्मे असेच गेलेत). आतली तांबूस साल चिमटीत निघते.

कच्ची बी दातांनी फोडू नका, पोरांना तर हातही लावू देऊ नका. अंगण नसेल तर पोतं परत गावाकडं न्या, तिथंच भाजून, फोडून आणा.