एका दिवसात तीन ठिकाणं? नको गं

अगं,

तुझं ते टूर पॅकेज बघितलं. विंडसर, स्टोनहेंज, बाथ, सकाळी आठला लंडनहून बस आणि संध्याकाळी सातला परत. आईला वाटतंय एवढ्या पैशात तीन ठिकाणं म्हणजे मस्तच, आणि तिचं गणित काही चुकीचं नाही, पण त्यातला निम्मा वेळ तू बसच्या खिडकीत काढणार आणि उरलेल्यात उतरा, टॉयलेटची लाइन, फोटो, चला बसमध्ये. अष्टविनायक टूरच, फक्त प्रसाद नाही.

माझं ऐक, एकच गाव पकड. सॉल्सबरी. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून साधारण दीड तासाची ट्रेन. १६-२५ वाल्यांचं रेलकार्ड मिळतं, ते गेल्या गेल्या काढ, तिकिटावर एक तृतीयांश सूट, दोन-चार प्रवासांत पैसे वसूल. सकाळची गर्दीची वेळ सोडून ऑफ-पीक रिटर्न घे. सॉल्सबरी स्टेशनच्या बाहेरूनच स्टोनहेंजची बस सुटते आणि तीच बस ओल्ड सेरमलाही, म्हणजे सॉल्सबरीच्या मूळ जुन्या गावाच्या जागीही, थांबते. आता तू म्हणशील मावशी, इथेही तीनच झाली की! झाली, पण पंधरा-वीस किलोमीटरच्या आत, आणि कुठे किती वेळ थांबायचं ते तू ठरवणार, हातात झेंडा घेतलेला गाइड नाही.

स्टोनहेंजचं तिकीट ऑनलाइन आधीच काढ, स्वस्त पडतं. स्टोनहेंज म्हणजे प्राचीन उभ्या दगडांचं वर्तुळ, ते दगड व्हिजिटर सेंटरपासून दोनेक किलोमीटर लांब आहेत, शटल असते, पण जाताना चालत जा म्हणजे ते उघड्या माळावर हळूहळू मोठे होत जाताना दिसतात. वर्तुळाच्या आत सोडत नाहीत, दोरीच्या बाहेरून फिरायचं, त्यामुळे बरेच जण 'एवढंच?' म्हणून दहा मिनिटांत परत फिरतात. तू सगळ्यात उंच उभा दगड शोध आणि त्याचा माथा बघ, वर एक गोल उंचवटा दिसेल. आडव्या दगडाच्या खाचेत तो बसायचा. सुतार लाकडात करतो तोच सांधा, साडेचार हजार वर्षांपूर्वी, सरासरी पंचवीस टनांच्या दगडात! छोटे निळसर दगड तर वेल्समधून आणलेत, दोनशे किलोमीटरच्याही पलीकडून, आणि मधला आडवा पडलेला एक दगड स्कॉटलंडचा असल्याचं २०२४ मध्ये संशोधकांनी सांगितलं. आणि गंमत म्हणजे १९१५ साली हे सगळं चक्क लिलावात विकलं गेलं, लॉट नंबर १५. सेसिल चब नावाच्या माणसाने ६,६०० पौंडांना घेतलं आणि तीन वर्षांनी सरकारला देऊन टाकलं.

परतीच्या वाटेवर ओल्ड सेरमला उतर. इथे लोक उतरतच नाहीत, आणि मला विचारशील तर तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची जागा हीच. बघायला काय, तर गवताळ टेकडी, खंदक, पडक्या भिंती आणि जुन्या कॅथेड्रलचा जमिनीवर आखलेला नकाशा. सैनिक आणि पाद्री एकाच तटबंदीत राहून भांडायचे, पाण्याचीही ओरड, म्हणून १२२० मध्ये पाद्री मंडळी खाली नदीकाठी नवीन कॅथेड्रल बांधायला गेली, तिथेच आजचं सॉल्सबरी वसलं आणि वरचं गाव ओस पडलं. पण ओस पडलेलं ते गाव १८३२ पर्यंत पार्लमेंटवर दोन खासदार पाठवत होतं! म्हणजे ज्याची जमीन त्याची सीट. ही जमीन पुढे कोणी घेतली माहितीये? थॉमस पिटने, भारतात व्यापार करून गब्बर झालेला माणूस, नंतर मद्रासचा गव्हर्नर. तिथे असताना त्याने गोवळकोंड्याकडच्या खाणीतला मोठा हिरा घेतला आणि १७१७ मध्ये फ्रान्सच्या रीजंटला, म्हणजे बालराजाच्या वतीने राज्य चालवणाऱ्याला, विकला, तो आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्याचा नातू विल्यम पिट १७३५ मध्ये याच सीटवरून खासदार झाला आणि पुढे थेट पंतप्रधान. त्या टेकडीवर उभं राहून डबा खाताना हे डोक्यात असू दे. तिकडच्या प्रत्येक जुन्या जागी 'पैसा कुठून आला' एवढं विचारत जा, बऱ्याचदा उत्तर आपल्याकडे येऊन थांबतं, आणि ते पाटीवर लिहिलेलं असेलच असं नाही.

शेवटी कॅथेड्रल. १२३ मीटरचा मनोरा, ब्रिटनमधला सगळ्यात उंच, आणि पाया जेमतेम सव्वा मीटर खोल. मनोरा नंतर चढवलाय, खालच्या खांबांना तो झेपलेला नाही. बरोबर मध्यभागी उभी राहून वर बघ, खांब वाकलेले नुसत्या डोळ्यांना दिसतात. १३८६ चं म्हणतात ते घड्याळ आहे, त्याला ना तबकडी ना काटे, फक्त तासाचे टोले. मॅग्ना कार्टा, म्हणजे राजाच्या सत्तेला मर्यादा घालणारी सनद, कॅथेड्रलच्या चॅप्टर हाउसमध्ये, म्हणजे पाद्र्यांच्या सभागृहात आहे, १२१५ च्या उरलेल्या चार प्रतींपैकी एक, एकाच चामड्यावर मुंगीएवढी अक्षरं. फोटो काढू देत नाहीत, बरंच आहे. बाकी गावात दुकानं आहेत ती कुठेही असतात. संध्याकाळची इव्हनसाँग, म्हणजे गाऊन केलेली प्रार्थना, मिळाली तर बसून ऐक, तिकीट लागत नाही.

आणि जायच्या आधी एक काम. येत्या रविवारी ठाण्याहून बदलापूर लोकल पकड आणि अंबरनाथचं शिवमंदिर बघून ये. इतकी वर्षं कर्जतला ट्रेकला जाताना ते स्टेशन नुसतं मागे टाकलंयस. शिलाहार राजांचं मंदिर, शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, ओल्ड सेरमच्या पहिल्या कॅथेड्रलहून तीसेक वर्षांनी जुनं. आणि हे शिलाहार राज्य करायचे ते आपल्या ठाण्यातूनच, तेव्हाचं श्रीस्थानक. बाहेरच्या भिंतीवरच्या मूर्ती बघत एक पूर्ण चक्कर मार, मग पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जा. फोन पर्समध्ये. तिथे तासभर टिकलीस तर सॉल्सबरीला दिवसभर कंटाळणार नाहीस.

बाकी, तिकडे माळावर वारा फार, छत्री उलटी होते, हूडवालं जॅकेट ने. शूज घरी वापरून मऊ केलेले. रविवारी तिकडेही रुळांची कामं निघतात आणि ट्रेनऐवजी बसमध्ये कोंबतात, आपल्या मेगाब्लॉकचंच भावंड, त्यामुळे शनिवार बघ. पॅकेजचे पैसे अजून भरले नसशील तर भरू नकोस, आईशी मी बोलते.

मावशी